एका पंगतीचा पास्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे भारदस्त विषय मांडले गेले. त्यांच्या पाठोपाठ चीज घालून भट्टीत भाजलेल्या पास्त्याविषयी बोलावयास उभे राहणे, आणि तेही टिपणे व फायली यांत हयात घालवलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याने, हे काहींना विनोदाचे वाटेल. माझी बाजू इतकीच की, आमच्या घरी बुधवारच्या रात्रीचा स्वयंपाक गेली काही वर्षे माझ्याकडे आहे आणि त्या वारी बहुधा हाच पदार्थ होतो. ज्या कामात हात बसला आहे त्याविषयीच माणसाने बोलावे, हा नियम मी पाळतो आहे.

शिवाय विषय वाटतो तितका हलका नाही. आपण सारे बदलीने, नोकरीने, व्यापाराने गाव सोडून इकडे आलेली माणसे. आपल्या मुलांच्या पानात काय वाढले जाते, ते कोण वाढते आणि वाढणारी व्यक्ती स्वतः केव्हा जेवते, या तीन प्रश्नांत आपल्या संसाराचे पुष्कळसे सार आलेले आहे.

प्रथम या पदार्थाचे कुळ पाहू. मार्को पोलोने चीनमधून पास्ता इटलीत आणला, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते खरे नव्हे. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ साली. त्याच्या आधी सुमारे दीडशे वर्षे, ११५४ साली पुऱ्या झालेल्या आपल्या ग्रंथात अल्-इद्रिसी या अरब भूगोलकाराने लिहून ठेवले आहे की, सिसिली बेटावर त्राबिया या गावी ‘इत्रिया’ नावाच्या शेवया पुष्कळ होतात आणि जहाजांत भरून दूरदूर पाठविल्या जातात. पुढे नेपल्सच्या आसपास, विशेषतः ग्रान्यानो या गावी, हा उद्योग भरभराटीस आला. सुका पास्ता होतो तो ड्युरम जातीच्या कठीण गव्हाच्या रव्याचा. या गव्हाचा चिवटपणा असा की, उकळत्या पाण्यात शिजूनही त्याचा आकार मोडत नाही. इटलीने तर १९६७ साली कायदाच केला की, सुका पास्ता याच गव्हाचा असला पाहिजे.

हा गहू आपल्याला परका नाही. आपल्याकडे बन्सी म्हणून जो गहू ओळखला जातो तो याच ड्युरम जातीचा. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात पाटावर शेवया काढीत, तेव्हा त्या वेगळ्या नावाने पास्ताच करीत होत्या, असे म्हटले तर वावगे ठरू नये. घरात लग्न निघाले की बायका जमून वळवट करीत: गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवी. बोटांच्या चिमटीत वळलेले ते इवलेसे आकार रुखवतात मानाने मांडले जात. इटलीत जवाच्या दाण्याच्या आकाराचा एक पास्ता आहे. त्याला ‘ओर्झो’, म्हणजे जव, असेच म्हणतात. आपण गव्हाच्या दाण्यासारख्या वळलेल्या शेवयांना गव्हले म्हटले. दोन देशांतील बायकांनी एकमेकींना न पाहता एकच विचार केला, एवढाच याचा अर्थ.

आता भट्टीत भाजलेल्या प्रकाराकडे येतो. नेपल्स आणि सिसिलीतील सरदारांच्या मुदपाकखान्यांत मॅकरोनीवर मांस, चीज आणि अंडी यांचे थर देऊन वर पिठाचे कवच चढवीत आणि ते सारे भाजून काढीत. लाम्पेदूसा यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इल गात्तोपार्दो’ या कादंबरीतील सरदाराच्या मेजवानीत हाच पदार्थ येतो. गरिबाच्या घरी त्याची साधी आवृत्ती होई, पण तीही सणावारी किंवा लग्नकार्यात. ‘झीटी’ नावाचा लांब नळीसारखा पास्ता प्रसिद्ध आहे; दक्षिण इटलीच्या बोलीत ‘झीता’ म्हणजे वधू. लग्नाच्या पंगतीचा पास्ता, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. वळवट आणि झीटी यांचे नाते इथेही जुळते.

सणाचा हा पदार्थ आठवड्याच्या जेवणात कसा आला, ही गोष्ट मात्र आपण नीट लक्षात घ्यावी अशी आहे. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतले बहुतेक दक्षिणेकडील गरीब शेतकरी आणि मजूर. गावी चीज आणि मांस वर्षातून मोजक्या वेळा दिसे. अमेरिकेत कष्ट अपार होते, पण हाती रोख मजुरी येई आणि त्यात या वस्तू परवडत. म्हणून घरच्या सणाचा पदार्थ तिथे रविवारच्या दुपारचा झाला. जे चीज मिळेल ते घातले, टोमॅटोचा रस सढळ हाताने घातला, आणि ‘बेक्ड झीटी’ या नावाने तो परदेशात स्थिरावला. आजोबांपासून नातवापर्यंत सारे एका टेबलाभोवती बसत.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. त्या घरांतील नातवंडांना झीटी करता येते, रविवारचे जेवणही पुष्कळ घरांत टिकले. पण आजीची बोली बहुतेकांची गेली. पदार्थ टिकला म्हणून भाषा टिकली नाही. आपण घरापासून दूर राहणाऱ्यांनी यातून घ्यावयाचा धडा असा की, मुलांच्या ताटात थालीपीठ आहे की पास्ता, या चिंतेने व्याकूळ होण्याचे कारण नाही. ताटाभोवती कोण बसले आहे आणि ते कोणत्या भाषेत बोलत आहेत, याची चिंता अधिक करावी.

इथेच मला आपल्या घरातील एका जुन्या रीतीविषयी स्पष्ट बोलावयाचे आहे. आपले रात्रीचे जेवण पोळीचे. पोळी तव्यावरून ताटात पडावी, फुगलेली, वाफाळती, ही आपली आवड. परंतु त्या आवडीचा हिशेब कोण भरते? तव्यापाशी उभी असलेली व्यक्ती. मुले जेवतात, पुरुष जेवतात, ‘आणखी एक घ्या’ असा आग्रह होतो, आणि शेवटी ओटा आवरता आवरता ती एकटी, निवालेल्या आमटीशी जेवते. गावाकडच्या एकत्र कुटुंबात निदान जावा-नणंदा एकत्र बसत. त्यांची ती स्वतंत्र पंगत असे आणि तिच्यात गप्पाही रंगत. इथे परमुलखात चार माणसांच्या घरात ती पंगत एका माणसाची होते. त्यातही आता पुष्कळ घरांत ती दिवसभर कचेरीत किंवा शाळेत काम करून आलेली असते.

आणि मुलांच्या कानांवर मराठी पडण्याची वेळ ती कोणती? शाळेत हिंदी-इंग्रजी, मैदानावर इथली भाषा. उरते ते रात्रीचे जेवण. त्याच वेळी घरात मराठी सर्वांत अधिक बोलणारी व्यक्ती जर स्वयंपाकघरात तव्यापाशी अडकलेली असेल, तर मुलांनी मराठी ऐकावी कोणाकडून?

भट्टीतला पास्ता या अडचणीवर एक साधा उपाय आहे. भांडे एकदा भट्टीत गेले की पुढचा अर्धा तास त्याच्यापाशी कोणी उभे राहावे लागत नाही. ते बाहेर येते तेव्हा सर्वांचे जेवण एकदम, एकाच भांड्यात, सारखेच गरम असते. करणारी व्यक्ती आणि गरम जेवण, दोन्ही एकाच वेळी पानावर येतात. खिचडी, मसालेभात, वरणफळे हेही पदार्थ हेच काम करतात, हे मी जाणतो. पास्त्याचाच माझा हट्ट नाही. पण वरणफळांसाठी मुलांना तीनदा हाक मारावी लागते. चीजचा वास सुटला की हाक मारावी लागत नाही, हा अनुभव इथे बसलेल्या अनेकांना असेल.

आता कृती सांगतो. प्रमाण चार ते पाच माणसांचे. अडीचशे ग्रॅम पास्ता घ्यावा, पेने किंवा मॅकरोनी. नळीचा आकार असा की आत रस शिरतो. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा असे लिहिलेले पाहून घ्यावे. नुसत्या मैद्याचा पास्ता भट्टीत गाळ होतो. सातशे पन्नास ग्रॅम पिकलेले टोमॅटो, दोन मध्यम कांदे, सात-आठ लसणीच्या पाकळ्या, एक ढोबळी मिरची, एक गाजर आणि वाटीभर शिजवलेला राजमा. इटलीतही पास्ता आणि घेवड्याचे दाणे यांची जोडी जुनी आहे; राजम्याने जेवण पोटभरीचे होते आणि मुलांच्या पोटात डाळीसारखे काही जाते. पांढऱ्या सॉससाठी तीस ग्रॅम लोणी, तितकाच मैदा किंवा कणीक आणि अर्धा लिटर दूध. वरून दीडशे ग्रॅम मोझरेला आणि पन्नास ग्रॅम साधे प्रोसेस्ड चीज.

दोन मोठे चमचे तेलात कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा, मग लसूण, मग चिरलेली भाजी. टोमॅटो बारीक चिरून किंवा किसून घालावेत आणि मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे आटू द्यावेत. कडेला तेल सुटू लागले की आंबट कच्चेपणा गेला असे समजावे. शेवटी राजमा, मिरपूड, थोडे लाल तिखट आणि वाळलेला ओरेगॅनो घालावा. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा हातावर चोळून घालावा. दोहोंचा गंध जवळचा आहे. मीठ बेताने घालावे, कारण चीजमध्ये ते असतेच. चातुर्मासात ज्यांना कांदा-लसूण वर्ज्य असेल त्यांनी लाल भोपळा किसून घालावा आणि फोडणीत हिंग टाकावा. रसाला गोडवा आणि दाटपणा दोन्ही येतात.

पांढरा सॉस पुष्कळांना अवघड वाटतो. त्याची गोम एवढीच. लोण्यात पीठ मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परतावे, रंग बदलू देऊ नये. दूध कोमट असावे आणि ते थोडे थोडे घालत सतत ढवळावे. सगळे दूध एकदम ओतले तर पिठाच्या गोळ्या बाहेरून शिजतात आणि आतून कोरड्या राहतात; त्यालाच आपण गुठळ्या म्हणतो. चमच्याच्या पाठीला लेप बसेल इतका दाट झाला की उतरवावा. जायफळ किंचित किसून घालावे. बासुंदीला शोभते तसे इथेही शोभते.

पास्ता उकळावयास अडीच लिटर पाणी आणि त्यात पंचवीस ग्रॅम मीठ. पाकिटावर जितकी मिनिटे लिहिलेली असतील त्याहून दोन-तीन मिनिटे आधीच उतरवून निथळावा, कारण राहिलेले शिजणे भट्टीत व्हावयाचे आहे. निथळताना वाटीभर पाणी बाजूला ठेवावे. त्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. रस घट्ट वाटला तर हेच पाणी घालावे, म्हणजे तो पातळ होऊनही पास्त्याला धरून राहतो.

मग पास्ता आणि टोमॅटोचा रस एकत्र कालवून, तूप लावलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या खोलगट भांड्यात अर्धा भाग पसरावा. त्यावर निम्मा पांढरा सॉस, मग उरलेला पास्ता, मग उरलेला सॉस आणि सर्वांत वर किसलेले चीज. भट्टी आधीच दोनशे अंश सेल्सिअसला तापलेली असावी. वीस ते पंचवीस मिनिटांत कडेने बुडबुडे येतात आणि वर तांबूस डाग पडतात. भांडे बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबावे. लगेच वाढले तर सारे ताटभर पसरते. थोडे निवले की थर एकमेकांना धरतात आणि वडीसारखा तुकडा उचलता येतो.

चीज दोन प्रकारचे का, हेही सांगितले पाहिजे. मोझरेला करताना दुधाचा गोळा गरम पाण्यात पुन्हा पुन्हा ताणतात, त्यामुळे त्यातील प्रथिनांचे लांब धागे होतात; वितळल्यावर तार सुटते ती त्यामुळे. प्रोसेस्ड चीज ही स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली निघालेली युक्ती. त्यात घातलेल्या क्षारांमुळे स्निग्धांश वेगळा होत नाही. म्हणून ते मऊ वितळते, पण त्याला तार नसते. एकाची तार आणि दुसऱ्याची खारट चव असा हा संयोग आहे. पनीर मात्र वर घालू नये. आम्लाने फाडलेल्या दुधाचा तो गोळा कितीही तापवला तरी वितळत नाही. हवे तर त्याचे तुकडे आत मिसळावेत. जाता जाता सांगतो, नेपल्सच्या परिसरातील नामांकित मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते; आणि आपल्याकडे आणंदलाही १९६०च्या सुमारास म्हशीच्या दुधापासून मोठ्या प्रमाणावर चीज होऊ लागले. शाकाहारी कुटुंबांनी पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून घ्यावा, कारण परदेशी चीजांपैकी काही वासराच्या जठरातील रेनेट घालून केलेली असतात.

ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनी निराश होऊ नये. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे जाड मिठाचा थर द्यावा, त्यावर एक तिवई ठेवावी, झाकण लावून दहा मिनिटे तापू द्यावे आणि मग आत पास्त्याचे भांडे ठेवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे झाकून ठेवावे. चीज वितळेल, पण वरचा तांबूसपणा येणार नाही, कारण त्याला वरून कोरडी उष्णता लागते. गोव्यात बेबिंका करताना, किंवा कायस्थ प्रभूंच्या घरी भानोले करताना, झाकणावर निखारे ठेवीत ते याचसाठी. निखारे नसतील तर लोखंडी तवा चांगला लाल तापवून, जपून, भांड्यावर दोन-तीन मिनिटे अधांतरी टेकवावा, काम भागते.

राहिला प्रश्न आठवड्यातील धावपळीचा. टोमॅटोचा रस रविवारीच करून फ्रिजमध्ये ठेवावा. तीन दिवस तो उत्तम राहतो. बुधवारी साडेसातला पाणी चढवावे. ते उकळून पास्ता शिजेपर्यंत पांढरा सॉस होतो. आठला थर लावून भांडे भट्टीत जाते. मग काकडीची कोशिंबीर करावी, कारण चीजच्या जडपणाला काहीतरी थंड आणि कोवळे हवे; आणि साडेआठपर्यंत हात पुसून सर्वांमध्ये येऊन बसावे. पावणेनऊला पाने घेतली जातात. हे सारे एका माणसाने करावे असेही नाही. किसणी मुलांच्या हाती द्यावी. किसलेले थोडे चीज कमी भरेल, ते गृहीत धरावे.

कोणी म्हणेल, हे जड अन्न आहे. आहेच. म्हणून आठवड्यातून एकदाच. कोणी म्हणेल, यात आपले काय आहे? टोमॅटो, बटाटा, मिरची, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, हे सारे अमेरिकेतून समुद्र ओलांडून आले. आज मिरचीचा ठेचा आणि उपासाची खिचडी आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाची म्हणावी असे कोणालाही वाटत नाही. पदार्थ आपला होतो तो मूळ गावामुळे नव्हे, तर आपल्या माणसांनी तो एकत्र बसून वर्षानुवर्षे खाल्ल्यामुळे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. आठवड्यातील एक रात्र अशी ठरवा की, ज्या रात्री घरात तव्यापाशी कोणी उभे नसेल. पदार्थ पास्ता असो, खिचडी असो वा वरणफळे. दूरदर्शन संच आणि मोबाइल त्या अर्ध्या तासापुरते बाजूला ठेवा, आणि तेवढा वेळ घरात मराठीच बोलली जाईल असे पाहा. मुले चुकीचे लिंग वापरतील, ‘ते पोळी’ म्हणतील. हसू नका, आणि ताबडतोब सुधारूही नका. आपण बरोबर बोलत राहिलो की ती ऐकून शिकतात. ज्या घरी आठवड्यातून एकदा सारे एकत्र जेवतात, त्या घरातील मुले उद्या मंडळाच्या गणेशोत्सवात आपण होऊन येतील, असा मला विश्वास वाटतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांनी परमुलखात मराठी माणसांची एक पंगत मांडली. ती पुढे चालावयाची असेल तर आपापल्या घरची लहान पंगत आधी पुरी बसली पाहिजे.

जेवणाची वेळ झाली आहे, तेव्हा आणखी बोलणे विषयाला धरून होणार नाही.